समोरच्या खिडकीतली रीत

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे आणि स्वभावाने हेवेखोर आहे. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगून टाकलेलं बरं. दुसऱ्याचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. वहीला पोट कुठून आलं, असं तुम्ही विचाराल. चौसष्ट पानं, पक्की शिवण, वर जाड पुठ्ठा, पाठीला कापड आणि कोपऱ्यांना चामडं. एवढ्या ऐवजात पोट नसेल तर कुठे असेल?

मी साधी वही नाही, हेही लगेहात सांगते. मी एका संस्थेची घटना आहे. देशाची घटना असते, तशी लहान संस्थेचीही असते. कोणी कोणाला काय सांगायचं, कोणाचं कुठपर्यंत चालायचं, भांडण झालं तर कोणी मिटवायचं आणि हे सगळं बदलायचं झालं तर कसं बदलायचं, हे जिच्यात ठरलेलं असतं ती घटना. माझी संस्था पुस्तकं बांधणाऱ्यांची. एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत आमचा कारखाना आहे. एका टोकाला कागद कापायचं मोठं यंत्र, मधे शिवणाऱ्यांचं टेबल आणि दुसऱ्या टोकाला पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवायचं यंत्र. खळीचा आंबूस वास जिन्यापासूनच येतो.

माझा जन्म भांडणातून झाला. कारखान्याचे मालक म्हातारपणी धंदा सोडून मुलाकडे राहायला गेले आणि जाताना किल्ली कामगारांच्या हातात देऊन गेले. कामगार अकरा होते. पहिल्याच आठवड्यात अकराही जण मालक झाले. शिवणारे उकडतंय म्हणून खिडकी उघडत, सोनेरी वर्ख उडतो म्हणून ठसेवाले ती लावून घेत. कापायच्या यंत्रावर आधी कोणाचा गठ्ठा चढायचा, यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणंच टाकलं. शेवटी त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाने टेबलावर थाप मारली. त्यांना सगळे थोरले काका म्हणत.

"तोंडी काही नको," ते म्हणाले. "तोंड फिरतं. कागद फिरत नाही. लिहून काढू."

नऊ दिवस, काम संपल्यावर, अकरा जण टेबलाशी बसले. एकेका कलमावर वाद झाला. थोरले काका सगळ्यांचं ऐकायचे आणि मग आपल्या गोल, टपोऱ्या अक्षरात एक वाक्य लिहायचे. शेवटचं कलम त्यांनी सर्वांत सावकाश लिहिलं. ते मला बदलण्याबद्दल होतं. घटना बदलायची तर दोन सभा घ्याव्या. दोन सभांमध्ये एक महिना जावा, म्हणजे डोकी थंड होतात. दोन्ही सभांत चारातल्या तिघांचे हात वर झाले पाहिजेत. तेवढं झालं, की सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझी शिवण उसवावी आणि नवं पान आत शिवावं. जुनं पान फाडू नये. त्यावर एक तिरकी रेघ मारावी, म्हणजे आपण आधी काय मानत होतो हे पुढच्यांना कळेल. आणि प्रत एकच असावी. दोन प्रती झाल्या की दोन अर्थ होतात, असं त्यांचं म्हणणं.

दहाव्या दिवशी त्यांनी मला स्वतः शिवलं. मित्रांनो, तो दिवस मी कशी विसरेन? मला वाचून दाखवताना खोलीत पातं थांबलेलं होतं, यंत्र थांबलेलं होतं, कुणी खोकलंसुद्धा नाही. पहिली काही वर्षं मी टेबलावरच असायचे. जरा कुठे कुरबुर झाली की "वहीत बघा" असं कुणी तरी म्हणायचं. माझ्या पानांवर खळीची बोटं उमटली. ती मला दागिन्यांसारखी वाटत.

मात्र मला बदलणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. एकदा संध्याकाळची सुट्टी सहाऐवजी साडेपाचला करायची ठरली. अर्ध्या तासाचा तर प्रश्न! पहिली सभा झाली. मग महिनाभर सगळे सहालाच घरी जात राहिले आणि साडेपाचपासून घड्याळाकडे बघत राहिले. दुसऱ्या सभेला दोघे आजारी पडले, मतं कमी भरली. पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा. तिसऱ्या महिन्यात एकदाची माझी शिवण उसवली. दोरा ओढताना सगळं अंग मोकळं होतं, पानं सुटी होतात, आणि मनात येतं की आता एखादं पान हरवलं तर? पण ते सगळ्यांसमोर होत असे. तोवर अकराचे सोळा झाले होते, आणि सोळा माणसं पाहत असली की कोणाची चोरून काही घुसडायची छाती होत नाही. म्हणून मी ते दुखणं मिरवत असे.

आता माझ्या सवतीबद्दल सांगते.

गल्ली इतकी अरुंद आहे, की आमच्या खिडकीतून समोरच्या खिडकीतली माणसं काय बोलतात ते ऐकू येतं. समोर शिवणकामाचा कारखाना आहे. बारा-तेरा बायका, दोन रांगांत मशिनी, मधे कापड बेतायचं टेबल. त्यांची म्होरकी आक्का. गळ्यात कायम मापाची टेप, तोंडात टाचण्या आणि टाचण्या असूनही बोलणं चालूच. या बायकांकडे वही नाही. नियमांचा एक कागदसुद्धा नाही. त्यांच्याकडे आहे ती नुसती रीत. "आमच्यात अशी रीत आहे," एवढं म्हटलं की संपलं. जिला पान नाही, पुठ्ठा नाही, शिवण नाही, अशा बयेचा मी हेवा करत बसले. जिच्यावर जळायचं तिला निदान नाक-डोळे तरी असावेत!

पण जळू नको तर काय करू? त्यांचं बदलणं बघा. खिडकीजवळच्या उजेडाच्या जागेवर सर्वांत जुनी बाई बसायची, अशी त्यांची रीत होती. एका सकाळी आक्काने पाहिलं, की मधल्या रांगेतल्या मावशी सुईत दोरा ओवताना कापड नाकाला लावतात. आक्का जुन्या बाईला म्हणाली, "उठ गं, मावशींना बसू दे तिथे. तुझे डोळे धड आहेत." ती उठली. मावशी बसल्या. झाला बदल! सभा नाही, महिना नाही, मतं नाहीत. वर्षभराने एका नव्या मुलीने विचारलं, तर ती जुनी बाईच म्हणाली, "आमच्यात आधीपासून असंच आहे. ज्याचे डोळे अधू त्याची खिडकी." आधीपासून म्हणे! मला अर्ध्या तासासाठी तीन महिने आणि एक शिवण लागली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

रीतीचं वाईट झालं की मला किती आनंद व्हायचा, तेही कबूल करते. काजं करणाऱ्या एका मुलीला आक्काने मोठ्या मशिनीवर बसवण्याचा शब्द दिला होता. पुढे आक्का महिनाभर आजारी होती, तेवढ्यात दुसऱ्याच कुणी तरी ती मशीन बळकावली. चौघींनी चार तऱ्हेने सांगितलं, की आपल्यात अशी रीत आहे. जिचा आवाज मोठा तिची रीत खरी ठरली. काजंवाली रडत जिना उतरली आणि पुन्हा आली नाही. तिच्या हातात दाखवायला एक चिटोरासुद्धा नव्हता. मला तिची दया यायला हवी होती. मी मात्र कपाटात बसून म्हणत होते, बघा, कागद असता तर!

हो, तोवर मी कपाटात गेले होते. थोरले काका थकले, नवे लोक आले, भांडणं कमी झाली. मी खराब होईन म्हणून मला काचेच्या कपाटात ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, "ही आमची घटना." लांबूनच. उघडत कुणी नसे. समोरची रीत मात्र दिवसातून दहा वेळा सगळ्यांच्या तोंडी. मला कोणी वाचेना, तिला कोणी विसरेना.

कपाटात जाण्याआधी माझ्या बाबतीत एक गोष्ट घडली होती. ती मी इतकी वर्षं लपवून ठेवली. वहीला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसले असते.

ती माझी तिसरी दुरुस्ती, आणि थोरल्या काकांची शेवटची. "हात आणि डोळे. आपल्याकडे दुसरं भांडवल नाही," असं म्हणून त्यांनीच ती मांडली होती. दोन्ही सभांत एकही हात खाली राहिला नाही. त्यांनी ती मोठ्याने वाचली: "कामावर जखमी झालेल्या सभासदाची जागा सहा महिने राखून ठेवावी. जखम हाताला किंवा डोळ्याला असेल, तर ती बरी होईपर्यंत राखून ठेवावी." काकांचा हात तेव्हा थरथरत होता, अक्षर मोठं झालं होतं. शेवटची ओळ पानाच्या अगदी तळाशी गेली. नवं पान इतरांपेक्षा बोटभर लांब होतं. ते आत शिवलं, तर खालून जिभेसारखं बाहेर आलं.

कापायच्या यंत्रावर जे बसतात त्यांना सगळे कातरकाका म्हणतात. स्वच्छ कडेचं त्यांना वेड. पुस्तकाची कड हाताला लागली नाही पाहिजे, अशी त्यांची कापणी. "हे काय ध्यान दिसतंय," म्हणत त्यांनी मला यंत्राखाली सरकवलं. सगळे चहाकडे वळले होते. पातं खाली आलं. कडा एकसारख्या झाल्या, आणि माझी शेवटची ओळ दोऱ्यासारखी लांब कातरण होऊन टोपलीत पडली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. सभेच्या इतिवृत्तात चिटणिसांनी लिहिलं होतं, "दुरुस्ती एकमताने मंजूर. मजकूर घटनेत पाहावा." आणि लिहून ठेवलंय म्हटल्यावर माणूस लक्षात कशाला ठेवेल? थोरले काका त्याच वर्षी गेले. मी मनाशी म्हटलं, झाकली मूठ. आपल्यातली ओळ गेली हे कळलं, तर लोक म्हणतील, हिच्यापेक्षा ती समोरची बरी. म्हणून बारा वर्षं मी अपुरी राहिले, पण कड कशी सुरेख!

मग एक दिवस कातरकाकांची मुलगी शाळेतली पोरं घेऊन आली. ती नागरिकशास्त्र शिकवते. तिने मला कपाटातून बाहेर काढलं, तेव्हा मी हरखून गेले.

"काही देशांची घटना अशी एका पुस्तकात लिहिलेली असते," ती मुलांना म्हणाली. "तिला लिखित घटना म्हणतात. काही देशांत असं एकच पुस्तक नसतं. जुने कायदे, न्यायालयांचे निकाल आणि वर्षानुवर्षं पाळलेल्या प्रथा मिळून त्यांची घटना होते. ती अलिखित."

"बाई, ती बदलतात कशी?" एका मुलीने विचारलं.

"लिखित घटना बदलायला बहुतेक ठिकाणी साध्या कायद्यापेक्षा जास्त मतं लागतात, जास्त पायऱ्या लागतात. काही देशांत फार अवघड, काही देशांत जरा सोपं. अलिखित घटना साध्या कायद्याने बदलते. कधी तर लोक वेगळं वागायला लागले, की तेवढ्यानेही बदलते. आणि एक लक्षात ठेवा, अलिखित म्हणजे सगळंच तोंडी नसतं. पुष्कळ भाग कागदावर असतो, फक्त एका जागी नसतो. तसंच लिखित घटनेभोवतीही न लिहिलेल्या प्रथा तयार होतातच."

"मग चांगली कुठली?"

"तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "आपल्या या गल्लीत दोन्ही आहेत. ही लिखित. समोरच्या शिवणवाल्यांची अलिखित."

झालं! सगळी पोरं मला टेबलावर टाकून खिडकीकडे पळाली. "ओ मावशी, तुमची घटना दाखवा ना!" आक्काने टाचण्या तोंडातून काढल्या आणि हसत म्हणाली, "ही काय, चालू आहे की! बघा आणि शिका." पोरं टाळ्या वाजवत राहिली. माझी पानं वाऱ्याने उलटत होती, ती मिटायलाही कोणी आलं नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच. त्या दिवशी मी मनापासून चिंतलं, की या रीतीची एकदा चारचौघांत फजिती व्हावी.

फजिती झाली. पण ती माझी.

सोनेरी अक्षरांच्या यंत्रावर एकोणीस वर्षं एकच बाई काम करते. तिला सगळे सोनेरीताई म्हणतात. पुस्तकाच्या पाठीवर नाव उमटवायचं तर अक्षर सरळ हवं, ठसा बेताने तापलेला हवा आणि दाब नेमका हवा. हे ताईंच्या उजव्या हाताला जमे, तसं आसपासच्या चार कारखान्यांत कुणाला जमत नसे. एका दुपारी यंत्राची कळ निसटली आणि तापलेला ठसा त्याच हातावर आला. दोन बोटं चिरडली. ताई दवाखान्यात गेल्या, मग घरी. बोटं वाकेनात. त्या रोज कोमट पाण्यात हात बुडवून बोटं वाकवायला शिकत होत्या, असं चिटणीस येऊन सांगायचे. आठ महिने गेले. आणि एका सकाळी ताई जिना चढून आल्या. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, हात पुढे करून पाचही बोटं मिटून उघडून दाखवली. खोलीतल्या सगळ्यांना आनंद झाला.

फक्त चिटणीस मान खाली घालून उभे होते. "ताई, जागेचं जरा बघावं लागेल," ते म्हणाले. सहा महिन्यांनंतर जागा रिकामी धरून, महिनाअखेरीस तिथे बाहेरचा माणूस घ्यायचं ठरलं होतं. त्यांनी मला कपाटातून काढलं आणि ते पान वाचलं. "सहा महिने राखून ठेवावी." पूर्णविराम. पुढे कोरी, स्वच्छ कड.

"मला वाटलं होतं, हाताचं काही वेगळं होतं," ताई हळूच म्हणाल्या. जुन्यांपैकी पाच जण खोलीत होते. एकाला आठवे, एकाला आठवेना, तिघे म्हणाले, वहीत असेल तेच खरं.

"लिहिलंय ते लिहिलंय," कातरकाका म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, ते त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "आज ताईंसाठी वाकवलं, तर उद्या कोणासाठीही वाकेल. मग ही वही कशाला? पेटवा चूल."

मित्रांनो, मी त्या क्षणी जे ऐकलं ते बारा वर्षं ऐकायला आतुरले होते. माझा शब्द शेवटचा! आणि तो शब्द खोटा होता. एकोणीस वर्षं ज्या बाईने या खोलीत काम केलं, तिला मी माझ्या अर्ध्या वाक्याने दाराबाहेर काढत होते. लाज म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

ताईंनी पर्स उचलली. तेवढ्यात समोरून आक्काचा आवाज आला. "काय गं, आलीस का? बस की आता तुझ्या टेबलाशी!"

ताईंनी खिडकीतूनच सांगितलं. आक्काने हातातलं कापड टाकलं. पाच मिनिटांत ती गळ्यातल्या टेपसकट आमच्या दारात उभी राहिली, दम लागलेली.

"कोण म्हणतं सहा महिने? हात किंवा डोळा असेल, तर बरा होईपर्यंत. तुमचाच नियम आहे!"

"आक्का, तुम्हाला काय ठाऊक आमचा नियम?" कातरकाका म्हणाले.

"ठाऊक म्हणजे? थोरल्या काकांनी वाचला तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या. आम्ही मशिनी थांबवून ऐकला. मी त्याच दिवशी आमच्या बायकांना म्हटलं, आजपासून आपल्यातही हीच रीत. आमची बटणवाली मनगट मोडून चौदा महिने घरी होती, तिचं स्टूल कुणी हलवलं नाही. विचारा तिला!"

"तोंडचं काय, आक्का. आज एक, उद्या एक."

"ते खरंय," आक्का लगेच म्हणाली. "आमची काजंवाली तशीच गेली, ते मला अजून खुपतं. पण हे एका तोंडचं नाही. तेरा जणींना विचारा. तेरा जणी एकच सांगतील, कारण हे आम्ही पाळलंय."

माझी ओळ! मी जिच्या नावाने बोटं मोडत होते, तिने माझी ओळ बारा वर्षं सांभाळली होती. माझ्याकडूनच घेतली होती आणि माझ्याहून नीट जपली होती. मला आनंद झाला असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहिल्यांदा झाला तो हेवाच, आणि फार मोठा. पण त्या हेव्यात ताई दारात उभ्या दिसत होत्या, म्हणून मी पहिल्यांदाच देवाकडे मागितलं, की हिचंच खरं ठरू दे.

"मला जरा बघू दे," ताई म्हणाल्या. त्यांनी मला खिडकीच्या उजेडात धरलं. पानाच्या अगदी कडेला केसासारखी एक काळी रेघ होती. इतकी वर्षं सगळ्यांना ती आखलेली रेघ वाटायची. ताईंनी त्यावरून बोट फिरवलं. "आखलेली रेघ मधे तुटत नाही," त्या म्हणाल्या. "ही तुटते. शब्द संपला की तुटते. ही शिरोरेघ आहे, काका. खाली अक्षरं होती."

कातरकाकांनी पट्टी आणली. वरचा समास मोजला, दोन बोटं. खालचा मोजला, काहीच नाही. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. कड हाताला लागत नव्हती. अशी कड या गल्लीत एकच माणूस कापतो. ते स्टुलावर बसले आणि त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली.

चिटणीस म्हणाले, "ओळ होती हे पटलं. पण पानावर नाही ते पाळायचं, तर पान शिवूनच पाळू. उद्या कुणाला शंका नको. दोन सभा, एक महिना. तोवर बाहेरच्या माणसाला थांबवू."

"आणि महिनाभर ताईंनी कुठे जायचं?" आक्काने विचारलं.

"माझ्याकडे," कातरकाका म्हणाले. "माझ्या यंत्राशेजारी बसतील. गठ्ठे मोजतील."

"घटनेत असं कुठे आहे?" चिटणिसांनी विचारलं.

"असं करू नये, असं तरी कुठे आहे?" कातरकाका चिटणिसांवर खेकसले. सगळ्यांना हसू आलं. मित्रांनो, माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत, एक रीत जन्माला आली आणि मला वाईट वाटलं नाही.

पहिली सभा झाली. ताई सोडून पंधरा जण, बारा हात हवे होते. अकराच वर आले. काही जण कुजबुजत होते, की बरं होईपर्यंत म्हणजे किती? कुणी वर्षानुवर्षं बसून राहिला तर? भीती अगदीच खोटी नव्हती. पण कातरकाकांचा हातही मांडीवरच होता. ते आपल्याच तळव्याकडे बघत होते.

"काका?" चिटणीस म्हणाले.

"ही ओळ एकदा माझ्या पात्याने गेली," ते म्हणाले. "मी न बघता कापली. आता बघूनसवरून पुन्हा कापू का?" आणि त्यांनी हात वर केला. तो बारावा.

महिन्याने दुसरी सभा झाली, तेव्हा पंधराच्या पंधरा हात वर होते. त्या दिवशी समोरच्या मशिनी बंद होत्या आणि दोन्ही खिडक्या उघड्या. माझी शिवण उसवली. जुन्या पानावर तिरकी रेघ आली. नव्या पानावर दोन्ही ओळी सोनेरीताईंनी उजव्या हाताने लिहिल्या. अक्षर थोडं वाकडं आलं, तरी कुणी पुसायला सांगितलं नाही. हेही पान बोटभर लांब निघालं. सवयीने कुणी तरी मला यंत्राकडे नेऊ लागलं, तर कातरकाकांनी हात आडवा घातला. "राहू दे तसंच. मी ही वही पुन्हा कापणार नाही." पुढच्या सोमवारी ताई आपल्या टेबलाशी बसल्या आणि त्यांनी पहिला ठसा तापवायला ठेवला.

आक्काने त्यांच्याकडून एक पातळ वही बांधून नेली आहे. "फार नाही लिहिणार," ती म्हणाली. "शब्द दिला तेवढाच लिहिणार. बाकीचं तोंडात बरं." त्या वहीचा पुठ्ठा निळा आहे आणि फार देखणा आहे. हो, मी जळते. स्वभावाला औषध नाही. पण आता ते एकाच प्रतीचं कलम दोन सभांत रीतसर बदलून माझीही एक प्रत काढून ठेवली आहे आणि दर वर्षी मला मोठ्याने वाचतात, खिडक्या उघडून.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत किंवा देशात माझ्यासारखी एखादी वही असेल, तर तिला काचेआड ठेवून मिरवू नका. लिहिलेलं आहे म्हणून ते विसरू नका, आणि लिहिलेलं नाही म्हणून ते मोडू नका. बदलावंसं वाटलं तर सगळ्यांसमोर बदला, आणि कापण्याआधी काय कापतो आहोत ते एकदा वाचून बघा. कधी आमच्या कारखान्यात आलात, तर माझं एक पान बाहेर आलेलं दिसेल. ते बोटाने आत ढकलू नका. तिथूनच मला उघडा.